आत्याची कोरडी वाळू

माझी आत्या ट्राम डेपोत वाळू भाजते. हे ऐकून लोक आधी हसतात, मग मी समजावते. रूळ ओले झाले की चढावर चाकं घसरतात. तेव्हा मी, म्हणजे ट्रामची चालक, कळ दाबते आणि पेटीतली वाळू नळीवाटे रुळावर सांडते. पेट्या दोन: पुढची चढण्यासाठी, मागची गाडी उलटी घसरू नये म्हणून. वाळू जरा दमट असली की नळीत गोळा होऊन बसते.

म्हणून आत्या सव्वीस वर्षं अंगणातल्या ढिगातून वाळू आणते, चाळते, लोखंडी परातीत भाजते आणि शेवटी प्रत्येक बादलीत नाक खुपसते. कारण डेपोत अकरा मांजरं आहेत आणि तो ढीग खास आपल्याच सोयीसाठी घातलाय, अशी त्यांची ठाम समजूत आहे. आत्याने त्यांची ताटली मुद्दाम मागच्या फाटकाशी, ढिगापासून लांब ठेवली. तरी हुंगल्याशिवाय ती बादली सोडत नसे.

नव्या साहेबांनी हे हुंगणं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, वाळू ती वाळू. सोमवारपासून वाळूखोली बंद. चालक ढिगातून पेट्या भरतील. तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसा."

"बरं, साहेब," आत्या म्हणाली.

तिचं ते 'बरं' ऐकलं की आमच्या घरात भलेभले खोलीतून सटकतात. साहेब बिचारे नवीन. पण घरी आल्यावर "आता काय लोकांच्या छत्र्या सांभाळू?" म्हणत तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मला साहेबांचा भयंकर राग आला.

सोमवारी धुक्याने रूळ ओले होते. मी ढिगातून पुढची पेटी भरली. मागची काठोकाठ भरलेलीच होती. आपला निर्णय किती झकास आहे हे दाखवायला साहेब चार अधिकाऱ्यांना घेऊन रिकाम्या गाडीत चढले.

बाजारातला चढ इतका चिंचोळा की तिथे गॅलरीतून हात लांब केला तर ट्रामला लागतो. नेमकी तिथेच चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी कळ दाबली. वाळू नाही. पुन्हा दाबली. वाळू आली नाही, वास आला. गाडी वीतभर मागे सरकली आणि माझी पाचावर धारण बसली. ब्रेक आवळून मागची कळ दाबली, तशी गाडी जागीच थांबली.

साहेब तरातरा उतरले. नळीत तार घातली तसा हातावर गोळा पडला. तो त्यांनी नाकाशी नेला.

"अहो, टाका ते!" पहिल्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या. "मांजराचं आहे!"

दुपारी वाळूखोलीचं कुलूप निघालं. मी थेट आत शिरले.

"आत्या, काय केलंस तू?"

"मी? वाळू माझं काम राहिलंच नव्हतं. मांजरांची ताटली तेवढी ढिगापाशी ठेवली. तिथे ऊन छान येतं."

"आणि गाडी मागे घसरली असती म्हणजे? गाडीत मी होते!"

तिने चाळणी थांबवलीसुद्धा नाही.

"मागची पेटी कोणी भरली होती, वेडे?"

मी तशीच डेपोत गाडीपाशी गेले. मागच्या पेटीत हात घातला. उरलेली वाळू पिठीसारखी मऊ, कोरडी होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी वाकले आणि पेटीत नाक खुपसलं. कसलाही वास नव्हता.