चाकाच्या घरावरचा पेंढा

मुळशीत शाकारणीचं काम करणारी घरं पूर्वी चार-पाच होती. शेवटी एकच उरलं, कुशाबाचं. लोक कुशाबाचं म्हणायचे, पण त्यातलं निम्मं काम तुळजाबाईचं होतं, हेही लोकांना ठाऊक होतं. कुशाबा छपरावर चढून पेंढा अंथरायचा, बांबूच्या कामट्यांनी दाबून बांधायचा. तुळजाबाई खाली शिडी धरून उभी राहायची. आमच्याकडची जमीन उताराची आणि लाल मातीची. शिडी कितीही रोवली तरी तिचा भरवसा नाही. म्हणून सगळ्यांत खालच्या पावठीवर, म्हणजे पायरीवर, बाईनं उजवा पाय दाबून ठेवायचा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बांबू धरायचे. माणूस वर आहे तोवर पाय काढायचा नाही. पोर रडो, चुलीवर दूध उतू जावो, पाय काढायचा नाही. हा नियम कुणी शिकवला नव्हता. तुळजाबाईच्या सासूनं तो पाळला होता, तिच्या सासूनं पाळला होता.

त्यामुळे कुशाबाला एक सवय लागली होती. तो उतरताना खाली बघायचा नाही. छपराकडं तोंड, बोलणं चालूच, आणि पाय मागं सोडून पावठी चाचपायचा. पावठी तिथंच असायची. उभ्या जन्मात ती हलली नाही.

रस्त्याकडेला चहाचं दुकान चालवणारा हैबतराव त्याला डिवचायचा. म्हणायचा, "कुशाबा, बायकू रुसली की त्या दिशी तू छपरावर चढत न्हाईस म्हनं?"

"उलट," कुशाबा म्हणायचा. "रुसली की लई घट धरती. म्या खाली आल्यावर ऐकवायचं असतंय तिला. वरनं पडून मेलो तर ऐकवनार कुनाला?"

पुढं गावात पत्रे आले, मग स्लॅब आले. शाकारायला गोठे तेवढे राहिले, आणि नंतर तेही राहिले नाहीत. धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या लोकांनी जागा घेतल्या. त्यातलीच एक अण्णासाहेबांची. कारखान्यातून निवृत्त झालेला, हौशी, मोकळ्या हाताचा माणूस. त्यांनी बंगला बांधला नाही. एका वर्कशॉपमधून जीपमागे ओढून न्यायचं पांढरं घर करवून घेतलं. आत दोन पलंग, ओटा, छोटी मोरी, खाली दोन चाकं, आणि दाराच्या अंगाला जीप जोडायचा लोखंडी दांडा. ते पाण्याकाठी आंब्याखाली आणून उभं केलं आणि चाकांना दगड लावले. बघायला अर्धा गाव लोटला. हैबतरावानं सगळ्यांदेखत विचारलं, "सायेब, घर पळून गेलं तर तक्रार कुटं करायची? तलाठ्याकडं का आरटीओकडं?" अण्णासाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले.

घराची राखण, झाडलोट, झाडांना पाणी हे काम कुशाबाकडं आणि तुळजाबाईकडं आलं. शनिवार-रविवारी अण्णासाहेब, त्यांच्या पत्नी शारदाबाई आणि जावई मनीष यायचे. मनीष हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तेव्हा वीज दिवसातला बराच वेळ नसायची. म्हणून त्यानं घराच्या छपरावर सोलरच्या दोन काचा बसवल्या. उन्हावर बॅटरी भरायची, रात्री पंखा आणि दिवे चालायचे. वायरी त्यानं स्वतःच जोडल्या. एका काचेखालचा जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली. कुशाबाला त्यानं समजावलं, "काका, वर काही करायचं असलं तर आधी आतलं बटण बंद करा. बटण बंद, की सगळं बंद." ते खरं नव्हतं, पण सांगणाऱ्याला ते खरं वाटत होतं.

उन्हाळ्यात ते घर तव्यासारखं तापायचं. शारदाबाई दुपारी आत थांबू शकायच्या नाहीत, बाहेर आंब्याखाली पदरानं वारा घेत बसायच्या. कुशाबानं दोन दिवस छपराकडं पाहिलं. मग आपणहून म्हणाला की हे दुखणं त्याच्या ओळखीचं आहे. गोठ्यातला जुना चांगला पेंढा काढला, तुळजाबाईनं शिडीला पाय लावला, आणि कैक वर्षांनी कुशाबा छपरावर चढला. त्यानं वीतभर जाडीचा थर असा दिला की कंगव्यानं विंचरल्यासारखा दिसावा. काचा छपरापासून चार बोटं उचललेल्या होत्या. त्यांच्याखाली त्यानं हात घालून घालून पेंढा भरला. तिथं मोकळं सोडलं असतं तरी चाललं असतं. पण शाकारणाऱ्याच्या डोळ्याला उघडा पत्रा म्हणजे फाटकं धोतर. ते त्याच्यानं बघवलं नाही.

घर गार झालं. शारदाबाई दुपारी आत निजू लागल्या. मनीषनं छपराचे फोटो काढले आणि ऑफिसात दाखवले. अण्णासाहेब येईल त्याला सांगायचे की ही कारागिरी आमच्या कुशाबाची. तुळजाबाईला त्या दिवसांत नवऱ्याची चाल बदललेली दिसायची. पंचा खांद्यावर टाकून तो हैबतरावाच्या दुकानापर्यंत उगीच जाऊन यायचा. वाळलेला पेंढा आणि पिळलेली वायर एकाच जागी आहेत, हे शिकलेल्याला दिसलं नाही आणि न शिकलेल्यालाही दिसलं नाही. पावसाळा आला, गेला. पुढच्या चैत्रात कुशाबानं जुन्यावर नवा थर चढवला.

दोन हजार सहा सालचा मे महिना. रविवारची दुपार. अण्णासाहेब आणि मनीष गळ घेऊन पाण्याच्या पार खालच्या टोकाला गेले होते. शारदाबाई आत निजल्या होत्या. तुळजाबाई आंब्याखाली तांदूळ निवडत होती. कुशाबा बोलता बोलता थांबला आणि त्यानं नाक वर केलं. पेंढा धुमसतो तेव्हा आधी गोडसर वास येतो, धूर नंतर. तो उठला. काचेखालून बारीक निळा धूर निघत होता.

त्यानं शिडी आणली. घराच्या तीन बाजूंनी जमीन उतरती होती. सपाट जागा दाराकडं तेवढी. शिडी तिथंच लागायची, नेहमी तिथंच लावलेली. तुळजाबाईनं पाय ठेवला. ओलं पोतं खांद्यावर टाकून तो वर गेला आणि काचेखालचा पेंढा उपसून खाली टाकू लागला. पोतं दाबलं की धूर विझायचा. उचललं की त्या जोडापाशी पुन्हा टचटच व्हायचं, ठिणगी पडायची आणि शेजारचा पेंढा धरायचा. ऊन काचेवर आहे तोवर त्या वायरीतली वीज मरत नाही. आतलं बटण बंद करूनही उपयोग नव्हता. आधी काचेवर गोधडी टाकून ऊन तोडायला हवं होतं. हे पुढं मनीषच कुणाकडून तरी विचारून आला आणि त्यानं मान खाली घालून सांगितलं. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुशाबा विझवत राहिला आणि ऊन पेटवत राहिलं.

मग जाळ पेंढ्याच्या पोटातून सरकत पलीकडं गेला आणि एकदम वर आला. छपराच्या झरोक्यातून धूर आत उतरला. शारदाबाई जाग्या झाल्या, दाराशी आल्या, त्यांनी दार ढकललं. ते दार बाहेर उघडणारं. चार बोटं उघडलं आणि शिडीच्या बांबूवर आपटलं. पुन्हा आपटलं. फटीतून त्यांची बोटं बाहेर आली. खोकल्यात मोडलेला आवाज आला, "तुळजाबाई, दार उघडत नाही."

तुळजाबाईनं वर पाहिलं. कुशाबा काठापासून आत, गुडघ्यांवर होता. तिला त्याचे तळवे दिसले. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. फटीतली बोटं दाराच्या कडेवर घट्ट झाली होती. तिनं पाय काढला. शिडी उचलून बाजूला फेकली. दार उघडून शारदाबाईंना दंडाला धरून ओढलं, आंब्याखाली नेऊन टेकवलं. मागं वळून शिडीकडं धावली तेव्हा तिला दिसलं की छपराच्या काठावरून एक पाय मागं आला आहे आणि हवेत पावठी चाचपतो आहे. नेहमी यायचा तसाच, न बघता.

जीप जोडायच्या लोखंडी दांड्यावर कुशाबा पडला.

खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, सगळं अण्णासाहेबांनी केलं. चाकाच्या घराचा सांगाडा उरला, तो भंगारात गेला. कुशाबा घरी आला तो काठी घेऊन, आणि ओट्यापासून अंगणापर्यंत एवढंच त्याचं जग उरलं. गावानं ठरवून टाकलं की शिडी घसरली. हैबतराव तर शपथेवर सांगायचा की पेंढ्यावरचं पाणी गळून बांबू निसटला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. शारदाबाई येईल त्याला एवढंच सांगायच्या की तुळजाबाईंनी दार उघडलं आणि आपण वाचलो. दार कसं उघडलं ते त्या सांगत नव्हत्या. त्याचा अर्थ बहुधा त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. 

त्यानंतर ती जशी झाली, तसं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. रडली नाही. आजारी पडली नाही. पहाटे उठायची, नवऱ्याला धरून अंगणात आणायची, भाकरी करायची, भातलावणीला जायची. पण सगळं पाण्याखालून केल्यासारखं. कुणी थट्टा केली तर हसू थोडं उशिरा यायचं, तेही ओठांपुरतं. धाकट्या बहिणीच्या घरी मयत झालं तिथं ती गेली, बसली, आणि इतर बायका रडत होत्या तेव्हा चुलीकडं लाकूड कमी आहे म्हणून उठून आणायला गेली. बहीण पुढं कितीतरी महिने तिच्याशी बोलली नाही. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

एकच गोष्ट तिच्यात जागी होती. कुशाबाला माहीत आहे का? गाव म्हणतं शिडी घसरली, आणि तो ते खोडत नाही. म्हणजे त्याला माहीत नाही. आणि माहीत झालं तर? आयुष्यभर ज्या पायाच्या भरवशावर तो न बघता उतरला, तो पाय तिनं काढला होता. घसरला नव्हता, काढला होता. सांगावं असं तिला दर दोन दिवसांनी वाटायचं, आणि तो भाकरीचा तुकडा मोडताना दिसला की जीभ जागेवरून हलायची नाही. त्यानंही कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

शारदाबाई दर दिवाळीत यायच्या. फराळाचा डबा, लुगडं, कुशाबाला धोतरजोडी. लुगडी तुळजाबाई घडी न मोडता पेटीत ठेवायची. दोन हजार आठच्या दिवाळीत त्या आल्या, ओट्यावर बसल्या. कुशाबा खांबाला टेकून दावं वळत होता. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला, आणि शारदाबाई प्रेमानं म्हणाल्या, "कुशाबा, अजून ते दार शिडीला आपटायचं मला ऐकू येतं. तुळजाबाईंनी शिडी उचलून फेकली नसती, तर मी आज तुमच्यासमोर बसले नसते."

म्हणाल्या आणि थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर उमगलं. कुशाबाच्या मोडक्या पायाकडं त्यांची नजर गेली आणि परत आली. मग त्यांनी चहा अर्धा ठेवला, गाडी थांबली आहे असं काहीसं म्हणाल्या आणि गेल्या.

तुळजाबाई उंबऱ्याजवळ उभी होती. तिला वाटलं होतं की हे उघडं पडेल त्या दिवशी काळीज फुटेल. तसं काही झालं नाही. तिला अंगणातली कोंबडी दिसली, दाव्याचं टोक दिसलं. कुशाबाचे हात चालू होते.

"म्या बघितलं हुतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू शिडी न्हेलीस ते. दार आपटत हुतं, तवाच वळून बघितलं. वरनं समदं दिसतंय."

"मंग पाय का सोडला खाली?"

"वर ऱ्हायला जागा हुती व्हय? पत्रा लाल झालेला. उडी टाकायचीच हुती. पाय आपला जुन्या वळनानं गेला."

"हाक मारायची."

"हाक मारली असती तर तू शिडी पुन्यांदा लावली असतीस. अन् ती बाई आत हुती."

तुळजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो खरं सांगतो आहे की तिच्यासाठी आता रचून सांगतो आहे, हे त्याच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. तिनं विचारलं, "आडीच वरसं बोलला न्हाई?"

"तू इचारशील म्हनून थांबलो. तू इचारलंच न्हाईस."

 मग जे बोलायचं होतं ते ती बोलली. "म्या तरी हाक मारायला पायजे हुती तुमास्नी. शिडी काडायच्या आदी."

कुशाबानं दावं मांडीवर ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "ते मातर चुकलं."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही आणि मायेनंही नाही. पेंढीची गाठ सैल बांधली गेली की जसं म्हणायचा, तसं म्हटलं. ऐकून तिला बरं वाटलं की वाईट, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि पुढं कधी कळलं असंही ती म्हणाली नाही. पण एवढं झालं की अडीच वर्षं कुणी न बोललेलं वाक्य कुणीतरी बोललं होतं, आणि ते बोलण्याचा हक्क असलेल्या माणसानंच बोललं होतं.

शारदाबाईंचा कप तिनं विसळला. कुशाबाला चहा दिला. आपला कप घेऊन ती बाहेर आली आणि ओट्यावर बसली. एरवी ती अंगणाकडं तोंड करून, त्याच्याकडं पाठ करून बसायची. त्या दिवशी त्याच्यासमोर बसली.