चकतीचा कस

शेजारचा हा गडी आधी गलाईच्या दुकानात सोनं गाळायचा. आता विट्यात घरामागं अणू जुळवायचं यंत्र करतो. यंत्र चाललं तर न्यूट्रॉन निघतात, ते वळखायला त्यानं नखाएवढी चकती आणली. काल ती टिकटिकली. मी ओरडलो, "जमलं रं गड्या!"

"आवं आण्णा, कस तर लागू द्या." ज्याचे अणू जुळवायचे तो यंत्राचा गॅसच त्यानं बंद केला, तरी टिकटिक चालूच. म्हंजे नुसती विजेची खरखर. हा हसला! खरखर अडवायला चकती पितळी डबीत घातली, तवा गप्प झाली. न्यूट्रॉन मात्र पितळंतनं आरपार जातात म्हणं.

"आता गॅस तुमी सोडा. आपल्या सोन्याचा कस दुसऱ्यानं बघायचा असतो."

बायको गेल्यापासनं मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मी गॅसची चावी फिरवली. टिक. टिक. बंद केली, गप्प.

"परत, आण्णा!" तो परसातल्या खाटेवर नाचत होता. चावीवरचा हात मी काढलाच न्हाई.