युनिक्सचा शेवटचा महिना

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शुक्रवारी सुट्टी असते. सगळ्यांना, पण आम्हा सिस्टीमवाल्यांना नसायची. कारखाना चालू असताना सर्व्हरला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे टेपवर बॅकअप घेणं, डिस्क तपासणं, जुना डेटा उतरवून ठेवणं ही सगळी कामं त्याच दिवशी उरकायची. मग दुपारी कुंभवलीच्या नाक्यावरच्या टपरीवर वेगवेगळ्या कारखान्यांतले आम्ही पाचसहा जण जमायचो. त्यात बाई मी एकटीच. वसाहतीतली यंत्रं बंद असली तरी हवेतला तो आंबूस वास काही सुट्टी घ्यायचा नाही. चहा पिताना नाकाला रुमाल लावणारा माणूस बाहेरचा, हे आम्ही लांबून ओळखायचो.

ही नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सिस्टीम सांभाळायचे. पालघरहून जायचे-यायचे. आमच्या खोलीत युनिक्सचा एकच मोठा सर्व्हर आणि त्याला जोडलेले टर्मिनल, म्हणजे हिरव्या अक्षरांचे पडदे आणि त्यांचे कीबोर्ड. स्टोअर्स, उत्पादन, डिस्पॅच, सगळ्या खात्यांचे कागद आमच्याकडे यायचे आणि आमच्या ऑपरेटर त्यांच्या एंट्र्या मारायच्या. माझ्या वेळेपर्यंत ऑपरेटर एकच उरली होती.

टपरीवर आमची भांडणं व्हायची ती सिस्टीमवरून. आम्ही बहुतेक युनिक्सवाले, एक जण नेटवेअरवाला. विंडोज एनटीचं नाव सुरुवातीला फक्त चेष्टेत निघायचं. माउस फिरवून का कुठे सर्व्हर चालतो, असं म्हणून आम्ही हसायचो. मग एकाच्या कारखान्यात एनटी आलं, पावसाळा संपता संपता दुसऱ्याच्या आलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसं झालं. एनटीला सगळ्यात जास्त शिव्या घालणारा आमचा एक दोस्त एका शुक्रवारी एनटीच्या कोर्सचं जाडजूड पुस्तक काखेत मारून आला. "मॅडम, तुम्ही पण करून टाका," तो म्हणाला. मी त्याच्याशी त्या दिवशी पुढे एक शब्द बोलले नाही. खरं तर मला राग आला नव्हता, भीती वाटली होती.

भीती माझ्या नोकरीची नव्हती. मी काय, युनिक्स शिकले तशी एनटीही शिकले असते. भीती होती आमच्या ऑपरेटरची. ती पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातली. बाप आणि भाऊ बोटीवर, आई मासळीची टोपली घेऊन बाजारात. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी त्या घरात ती पहिलीच, पण कितीतरी वर्षं टेम्पररी. आमच्या वसाहतीत पर्मनंट या शब्दाला काय वजन होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मुलगी बघायला आलेले लोक आधी तेच विचारायचे. यंदा ऑपरेटरची जागा पर्मनंट करू, असं अकाउंट्सच्या साहेबांनी तिला कबूल केलं होतं.

आता आमच्याकडेही एनटी येणार होतं, आणि बेत असा होता की प्रत्येक खात्यात एक कॉम्प्युटर बसवायचा, ज्याच्या त्याच्या एंट्र्या ज्याने त्याने करायच्या. मग कागद आमच्या खोलीत येणार नाहीत आणि ऑपरेटरही लागणार नाही. एनटी आलं की ती जाणार, इतकं सरळ होतं ते.

एकच आशा होती. हेड ऑफिसने ठरवलं होतं की महिनाभर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालवायच्या. रोज संध्याकाळी दोन्हींचं स्टॉक स्टेटमेंट काढायचं. आकडे जुळले तर युनिक्स बंद, नाही जुळले तर नवीन सिस्टीम परत आणि जुनी आहे तशीच चालू. मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग नाय जुळनार, मॅडम. देव हाय ना." माझा देवापेक्षा मुंबईतल्या प्रोग्रामवाल्यांच्या धांदरटपणावर जास्त विश्वास होता.

हेड ऑफिसचा इंजिनीअर येऊन सगळं बसवून गेला आणि नंतर आठवड्याला चक्कर मारू लागला. भला माणूस होता, तेही मला सोसवत नव्हतं. पहिल्याच शुक्रवारी त्याने मला केळव्याच्या समुद्राकडे कसं जायचं ते विचारलं. मी रस्ता नीट सांगितला आणि मनात म्हटलं, तिथेच राहा बाबा.

पहिल्या संध्याकाळी आकडे जुळले नाहीत. आमचा माल ड्रममधून जायचा, आणि अर्धा भरलेला ड्रम म्हणजे काय हे नव्या प्रोग्रामला कोणी शिकवलंच नव्हतं. तो अर्ध्याला पूर्ण धरायचा. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला.

पण गेटवर ट्रक उभे होते. दोन्ही स्टेटमेंटं एकत्र टाचून सहीला पाठवा, असा त्या महिन्यापुरता हुकूम होता, आणि आकडे वेगळे असलेल्या कागदावर कोण सही करणार? सही नाही तर गेटपास नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. डिस्पॅचचा माणूस दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, गाडी कब छूटेगी?"

आमच्या खात्याचा एक दंडक होता: आकडा जुळल्याशिवाय उठायचं नाही. मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच, आणि मलाही कोणीतरी हेच शिकवलं होतं. ती उठली, नव्या मशीनसमोर जाऊन बसली. मी युनिक्सच्या पडद्यावरून अर्धे ड्रम वाचत गेले, ती तिकडे एकेक दुरुस्त करत गेली. आकडा जुळला. कागद गेले, ट्रक गेले, आम्ही चहा मागवला.

रोज हेच व्हायचं. मी इंजिनीअरला प्रत्येक खेपेला सांगायचे की फरक येतोय, आम्ही हाताने दुरुस्त करतोय. तो म्हणायचा, "नोट केलंय." मला वाटायचं, एवढ्या दुरुस्त्या मशीनमध्ये दिसतायत, कोणीतरी बघेलच. नव्याचे नऊ दिवस, मग येतील ताळ्यावर, असं मी तिला सांगत राहिले. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि आज त्याचंच जास्त वाईट वाटतं.

महिना संपला तेव्हा अकाउंट्सच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते खुशीत होते.

"अभिनंदन, मॅडम. एकही दिवस फरक नाही. हेड ऑफिस एकदम खूश आहे."

"साहेब, फरक रोज होता. आम्ही तो दुरुस्त करत होतो."

"मग झाला ना दुरुस्त?"

"पण तो सिस्टीमने केला नाही. आम्ही केला."

"अहो, त्यांच्यापर्यंत शेवटचा आकडा जातो. शेवटचा आकडा बरोबर होता."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण बाहेरच्या टाइपिस्टचं टाइपिंग थांबलं होतं एवढं आठवतं. साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तुम्ही कशाला चिडता? तुम्ही तर राहणार आहात," ते म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. ऑपरेटरचं विचारलं तर म्हणाले, "जागाच राहिली नाही, मी तरी काय करू?" तेही खोटं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी युनिक्स कायमचं बंद केलं. हातात काही राहिलं नव्हतं. या वर्षी टळलं असतं तर पुढच्या वर्षी झालं असतं, सगळ्या वसाहतीत तेच चाललं होतं. टर्मिनल नेणारा भंगारवाला मात्र वेळेच्या आधी हजर झाला.

तिच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी त्या खोलीत बसलो होतो. तिला करायला काम नव्हतं आणि मला काही सुचत नव्हतं. तिने येताना घरून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, बांधून आणली होती माझ्यासाठी, ती पिशवी टेबलावर होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मॅडम, आमी एक दिवस आकडा तसाच ठेवला असता तर?"

अख्ख्या महिन्यात, एकदाही, आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात हे आलं नव्हतं.

"ठेवला असतास तू?" मी विचारलं.

तिने खरंच विचार केला. मग मान हलवली.

"नाय," ती म्हणाली. "गेटवर गाडी उबी होती ना."