पाणंदीवरचं फाटक

हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. आणि मी बाबांपासून काही लपवत नाही, असा आमच्या घरात समज आहे.

बाबा कारखान्यात युनियनची पत्रकं वाटायचे. घड्या घालायला मी. तिथंच वाचायला शिकले, तिथंच चिडायलाही. रस्त्यांवरचं माझं लिखाण तुम्ही वाचलं असेल — पेठेत बोळातून बोळ फुटतो, मंडईतून कुठूनही निघा, चुकलात तरी कुठंतरी पोचता. आणि शहराच्या कडेला, आमच्या मांजरी गावात? उसाच्या एकेका रानावर एकेक सोसायटी, चहूबाजूंनी भिंत, एकच गेट, आणि सगळी गेटं एकाच रस्त्यावर. शहर वाढतं, जोडलं जात नाही. यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.

मग?

आमच्या सोसायटीतून एक पाणंद जायची — बैलगाड्यांची जुनी वाट. बिल्डरनं तिच्यासाठी मागच्या भिंतीत लहानसं फाटक ठेवलं होतं. पलीकडच्या वस्तीवरची सुनीताताई रोज त्यातून लेकीला अलीकडच्या शाळेत आणायची. सभासदांना ते खुपायला लागलं. बाहेरचे लोक आत येतात म्हणे!

सुनीताताई माझ्याकडे आली. "तू लिही गं. तुझ्या कागदाला लोक भित्यात." फाटक उघडं राहावं म्हणून मी पत्रक लिहिलं, खाली नाव घातलं, घरोघर टाकलं.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये चेअरमनकाका म्हणाले, "जगासाठी लिहितेस, कधी घरच्यांसाठीही लिही की." घरच्यांसाठी! भाड्याच्या खोलीतून इथं आलेले आम्ही. तोवर आमची ओळख 'ते बी विंगमधले' एवढीच. त्या शब्दानं मी विरघळले — असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला तो शब्द हवाच होता.

दुसरं पत्रकही मीच लिहिलं. निनावी. 'आपली मुलं खेळतात तिथून कोण जातं, ठाऊक आहे?' — हे वाक्य माझं. पहिल्यात मी नगररचना समजावत बसले. दुसऱ्यात भीती घातली. कुठलं चालणार, हे मला लिहितानाच कळत नव्हतं का?

सभेत तेच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. फाटक बंद करायला भराभर हात वर झाले. विरोधात मी एकटीच — बाबांना केवढा अभिमान! फाटकाला वेल्डिंग झालं.

आता वस्तीवरून शाळेला यायचं तर हमरस्त्यानं वळसा, डंपरच्या कडेकडेनं. परवा सुनीताताई बसस्टॉपवर भेटली. "शाळेपायी मामाकडं ठेवलीय तिला. घर लई सुनं लागतंय. पर तू तरी आमच्या बाजूनं उभी राह्यलीस बघ." मी मान डोलावली.

खाली नाव घालता येत नसेल तर छापू नये, असं बाबा घड्या घालताना सांगायचे. या मजकुराखाली माझं नाव आहे. पहिली प्रत बाबांना. दुसरी सुनीताताईच्या हातात देईन, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन.