इनामदाराचा पुतळा

"हिच्यासोबत अजून कोण आहे? हात वर करा!" सर ओरडले. आज इथं बहारीनमधल्या झिंजला, माझ्या घरी आमटीसाठी चिंच भिजवली, तिच्या वासानं तोच दिवस पुन्हा समोर आला.

आमच्या सरकारी कॉलेजात इनामदाराचा पितळी पुतळा होता. जयंतीला तो चिंचेनं घासायचा आमच्या वस्तीतल्या पोरींनी आणि हार घालायचा बाकीच्यांनी. त्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं, वैशालीनं बादली लाथाडली, म्हणाली, "ह्यानं आमच्या आज्यांना विहिरीवर चढू दिलं नाही. घासणार नाही, काढून टाका ह्याला!"

आदल्या दिवशी मी तिला शब्द दिला होता, तुझ्याबरोबर उभी राहीन म्हणून. पण हात वर करायला सांगून सर माझ्याकडंच बघत होते, माझा स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांच्या सहीला अडकला होता, मी खाली वाकले आणि घासायला लागले.

"घास गं बाई, चांगला चमकव," वैशाली एवढंच बोलली. तिचं नाव कॉलेजातून काढलं. माझंही शिक्षण पुढं सुटलंच, लग्न करून बहारीनला आले.

काल गावाकडून फोटो आला. पुतळा तिथंच आहे, आमच्याच वस्तीतल्या नव्या पोरी घासतायत. लेक विचारते, "मम्मा, हू इज दॅट?" मी फोन उलटा ठेवला. खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?