विजयमालाचा लाल कोबा

लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत विजयमालानं अकरा घरं लावली आणि अकराही सोडली. नवरा धनाजी फौजेत होता. पठाणकोट, झाशी, जोरहाट, भटिंडा, पुन्हा जोरहाट. क्वार्टर मिळायचा तो आधीच्या बिऱ्हाडाच्या तेला-हळदीच्या डागांसकट. सामान काळ्या पत्र्याच्या ट्रंकांतून यायचं. त्याच ट्रंका भिंतीकडेला लावायच्या, वर गादी टाकायची, चांगली चादर घालायची की झाला दिवाण. क्वार्टर सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं पांढऱ्या टूथपेस्टनं बुजवायची, म्हणजे तपासायला येणाऱ्याला दिसत नाहीत, हे तिला पहिल्याच वर्षी शेजारच्या पंजाबी बाईनं शिकवलं होतं.

ती आटपाडी तालुक्यातल्या एका लहान गावची. दहावीपर्यंत शिकलेली. घर लावायचा तिला नाद होता, आणि तो नाद ती मुलीच्या चित्रकलेच्या वह्यांत जपत होती. शाळेचं वर्ष संपलं की वहीत पंधरा-वीस पानं कोरी राहायची. रद्दीतल्या मासिकांतून खोल्यांची चित्रं कापून ती त्या पानांवर चिकटवायची आणि खाली बारीक अक्षरात आपल्याला काय आवडलं ते लिहायची. ‘खिडकी खाली घेतलीय. बसल्या जागी झाड दिसतं.’ ‘भिंत साधी. म्हणून पितळेचा दिवा उठून दिसतोय.’ पुढं मोबाईल आला तशी चित्रं मोबाईलमध्ये साठू लागली. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, तरी आईचे निरोप तिला यायचे ते असेच: हा जिना बघ, हा पडदा बघ.

धनाजी सुभेदार होऊन घरी आला आणि कराडजवळ मलकापुरात त्यांनी प्लॉट घेतला. घेतला म्हणजे थोरल्या दिरांनी, भाऊसोंनी घेऊन दिला. भाऊसो कराडच्या पलीकडं उसाची शेती करायचे. धनाजी वर्षानुवर्षं लांब, त्यामुळं घरातलं सगळं त्यांनीच निभावलेलं. धनाजी शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस, पण दादासमोर त्याची मान वर होत नसे. भाऊसोंनी प्लॉटपाठोपाठ ठेकेदारही ठरवून टाकला. राजवर्धन नाव, तिशीतला, हुशार, आसपासच्या बऱ्याच बंगल्यांची कामं केलेला.

राजवर्धननं टेबलावर नकाशा पसरला. पुढं मोठा हॉल, वर पीओपीचं छत, त्यात तीन रंगांचे दिवे, टीव्हीमागं काळं चकचकीत पॅनेल आणि घरभर पांढरीशुभ्र टाईल.

“वहिनींनी फक्त भिंतीचा रंग सांगायचा,” तो म्हणाला.

विजयमालानं वही उघडून पुढं सरकवली. “मला खिडकी खाली पायजे. गुडघ्याएवढी. तिच्यात बसाय कट्टा. आनि ओटा असा नको. माझी पाठ सगळ्यांकडं येतीय.”

राजवर्धननं चार पानं उलटली आणि हसला. कुचकेपणानं नाही, सवयीनं. “वहिनी, फोटोतलं फोटोतच बरं दिसतं. बघा की, एका तरी फोटोत माणूस हाय का?”

भाऊसो मोठ्यानं हसले. धनाजीनं चहाचा कप उचलला.

घरी आल्यावर तिनं सगळ्या वह्या काढल्या, मग मोबाईल. नऊशेच्या वर चित्रं होती आणि एकातही माणूस नव्हता. कुणाची चप्पल नव्हती, अर्धा प्यालेला चहा नव्हता, वाळत टाकलेला टॉवेल नव्हता. तिला राग आला तो राजवर्धनचा नाही, स्वतःचा. पोराचं म्हणणं खरं होतं. इतकी वर्षं आपण रिकाम्या खोल्याच जमवल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं धनाजीला सांगितलं, “पाया भरस्तोवर चार म्हैने हायेत. तवर मी घरं बघनार. माणसं राहत्यात ती.”

“आनि करनार काय बघून?”

“कोन कुठं बसतंय ते बघनार.”

त्या हिवाळ्यात मलकापूर आणि कराडात जिथं जिथं वास्तुशांतीचं बोलावणं आलं तिथं ती गेली. नुसत्या ओळखीवरही गेली. पिशवीत टेप आणि वही. बायका तिला हौसेनं हॉल दाखवायच्या, छताचे दिवे लावून दाखवायच्या, सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलं नाही म्हणून माफी मागायच्या. मग तिला चहाला आत न्यायच्या. आत म्हणजे मागच्या दारातल्या पायरीवर, नाहीतर स्वयंपाकघरापुढच्या चिंचोळ्या बोळात. तिथं पाट असायचा, नातवंडांची दप्तरं असायची, लसूण सोलायचं ताट असायचं. विजयमाला विचारायची, “तुमी दिवसभर बसता कुठं?” आणि समोरची बाई थोडी गोंधळून म्हणायची, “बसायचं काय... हितंच की.”

सतरा घरं बघून झाली. चौदा घरांत हॉलमध्ये कुणीच बसत नव्हतं. एका घरात तर म्हातारे सासरे गाड्या लावायच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. “आत का न्हाई बसत, आबा?” तिनं विचारलं. त्यांनी मनगट दाखवलं. पांढऱ्या टाईलवरून दोनदा घसरले होते. “पाय ठेवायचा भरवसाच वाटंना,” ते म्हणाले.

त्या दिवशी तिनं वहीत चित्र चिकटवलं नाही. एकच ओळ लिहिली: ‘जमीन आधी.’

जमीन कसली हवी हे तिला सांगलीत कळलं. डोळे तपासायला ती एका जुन्या दवाखान्यात गेली होती. नंबर लागायला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या तिचं लक्ष खाली गेलं. गर्द लाल जमीन, खिडकीचा उजेड तिच्यावर पसरलेला, पण डोळ्यांत जात नव्हता. तिनं चप्पल काढून पाय टेकवले. मार्चचं ऊन तापलेलं आणि तळव्याला गारवा लागला. ती खाली वाकली आणि तळहात फिरवून बघितला.

डॉक्टर चारुशीलाबाई दारात आल्या. “काही पडलं का हो?”

“न्हाई बाई, जमीन बघतीय. ही कसली?”

डॉक्टरीणबाईंना गंमत वाटली. “लाल कोबा. माझ्या सासऱ्यांच्या वेळचा, साठ वर्षं होऊन गेली. मध्ये एक कोपरा उखडला होता, तो आटपाडीकडच्या नाथाजी गवंड्यानं करून दिला. आता असं करणारं कोणी मिळत नाही.”

“हायेत का ते अजून?”

“दहा वर्षांपूर्वी होते,” त्या म्हणाल्या.

आटपाडी म्हणजे तिचं माहेर. तिसऱ्या दिवशी ती एसटीत होती.

नाथाजी गवंडी भेटले ते शेळ्यांना पाला घालताना. सत्तरीच्या पुढचे, उंच, एका गुडघ्यावर पट्टा बांधलेला. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले.

“टाईल आली, आमचं काम संपलं. वीस वर्सांत एक कोपरा केला म्या, त्यो बी डाक्टरीणबाईचा. कोबा म्हंजे बसून घोटायचं काम हाय बाय. माझं गुडघं गेलं.”

“तुमी बसू नका. तुमी खुर्चीवर बसून सांगा. बसायचं ते मी बसते.”

“तू?” त्यांनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. “कुनाची तू?”

तिनं वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते ओळखत नव्हते. पण पाला टाकता टाकता त्यांनी विचारलं, “वाळू कुठली वापरताय?” तेव्हाच तिला कळलं की हे येणार.

लाल कोब्याचं नाव काढताच भाऊसो भडकले. “जनता पुढं चाललीय आनि तू मागं. पाव्हनं येत्याल, म्हनत्याल सुभेदाराला टाईल झेपली न्हाई.”

“दादा, पाव्हनं जात्यात तासाभरात. मला तितं म्हातारं व्हायचंय.”

राजवर्धननं मधला मार्ग काढला. आधी मागची साठवणाची खोली करून बघायची. जमलं तर पुढं, नाहीतर टाईलचा ट्रक सांगून ठेवलेलाच आहे.

बांधकामावर साळूबाई म्हणून एक बाई घमेली वाहायची. चाळिशीची, काटक, कुणाच्या अध्यात न मध्यात. विजयमालानं तिला विचारलं, “शिकतीस का माझ्याबरोबर?” साळूबाई म्हणाली, “डोक्यावरचं घमेलं उतरत आसंल तर शिकते.”

नाथाजी खुर्चीवर बसून हातातल्या काठीनं दाखवत गेले. खालचं काँक्रीट खरबरीत ठेवायचं. सिमेंट आणि लाल भुकटी एकत्र करून तीनदा चाळायची, एकाच वेळी सगळी, नाहीतर रंग बदलतो. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या बसवून चौकोन पाडायचे, म्हणजे जमीन फुगली-आकसली तरी तडा पट्टीपाशी थांबतो. वरचा थर आवळत आला की थापीनं घोटायचं, घोटत राहायचं. दोघी बायका गुडघ्यावर बसून सरकत सरकत मागं येत होत्या. दुपारपर्यंत विजयमालाच्या दंडात गोळे आले. “हात थांबला की डाग पडला,” नाथाजी म्हणायचे, आणि ती हात थांबवत नव्हती.

मग आठ दिवस जमिनीवर पाणी धरून ठेवायचं. चौथ्या दिवशी तिला बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला जावं लागलं. परत आली तेव्हा खोली कोरडी ठणठणीत होती आणि मधोमध सिमेंटची पोती रचलेली. कामगारांना जागा हवी होती, त्यांनी पाणी काढून टाकलं. पोती हलवल्यावर दिसलं: दारापासून खिडकीपर्यंत केसांसारखे तडे पसरलेले.

भाऊसो दारात उभे राहिले. “झालं समाधान? राजवर्धन, ट्रक मागव.”

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. विजयमालानं खाली वाकून एका तड्यावरून बोट फिरवलं. तिला रडू येत होतं, पण रडत बसायचं तिच्या मनात नव्हतं.

“एक खोली गेली, दादा. घर गेलं न्हाई. चूक कोब्याची न्हाई, पान्याची हाय. मला हॉल द्या.”

“हॉल? येडी का काय तू?”

तेव्हा धनाजी पुढं आला. तो इतका वेळ बाहेर वाळूच्या ढिगाशी उभा होता. त्यानं भाऊसोंकडं बघितलं नाही, राजवर्धनकडं बघितलं. “ट्रक थांबवा,” तो म्हणाला. मग बायकोकडं वळला. “पान्यावर मानूस पायजे न्हवं? माझी ड्यूटी लावा.”

भाऊसो मोटारसायकल घेऊन निघून गेले. पुढचे कितीतरी दिवस आले नाहीत.

हॉलचा कोबा तीन दिवस चालला. राजवर्धननं दारात दोरी बांधून आपल्या माणसांचं आत येणं बंद केलं. झाल्या प्रकारानं तो खजील होता. खिडकीची उंची त्यानं पुन्हा न सांगता गुडघ्यावर घेतली आणि ओटा हॉलच्या बाजूला तोंड करून वळवला. धनाजीनं चारी कडांना मातीचे बांध घातले आणि दारात खुर्ची टाकली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाण्याची उंची काडीनं मोजायची आणि पाटीवर लिहायची, असा त्याचा खाक्या. एकदा विजयमाला मुद्दाम दोरीखालून पाय टाकणार, तर तो खरोखर ओरडला, “थांब!” आणि मग दोघंही हसत सुटले.

नवव्या दिवशी पाणी उतरवलं. जमीन मळकट गुलाबी दिसत होती. विजयमालाचा चेहरा पडला.

“आता लागली का घाबराय?” नाथाजी म्हणाले. “त्याल आना.”

खोबरेल तेल आणि जुन्या सुती लुगड्यांचे बोळे. दोघी रोज सकाळी घासायच्या. पाचव्या दिवशी रंग आतून वर येऊ लागला. दोन आठवड्यांत हॉल गर्द लाल झाला. ओट्याकडचे दोन चौकोन मात्र काळपट राहिले. तिथं भुकटी दुसऱ्या पिशवीतली पडली होती. नाथाजींनी ते फोडून पुन्हा करू म्हटलं. विजयमालानं मान हलवली. “ऱ्हाऊ द्या. तिथं माझा पाट पडंल.” मागच्या खोलीत तिनं मुकाट्यानं टाईल बसवून घेतली, खडबडीत, पाय न घसरणारी.

छताला पीओपी नाही, भिंती साध्या. खिडकीच्या कट्ट्यावर जोरहाटच्या वेताच्या टोपल्या, भटिंड्याची भरतकामाची फुलकारी ओढणी, आणि एक काळी ट्रंक, जी तिनं रंगवली नाही.

वास्तुशांतीला पुष्कळ माणसं आली. बऱ्याच जणांनी घर ‘साधंच ठेवलंय’ म्हणून नाक मुरडलं. पण जेवणं झाली आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या. लोक आपोआप जमिनीवर भिंतीला टेकून बसले, आणि ऊन कलेपर्यंत कुणी उठायचं नाव घेईना. विजयमाला ओट्याशी उभी राहून सगळ्यांकडं बघत होती. भाऊसो उशिरा आले. त्यांनी चप्पल काढली, हॉलभर एक फेरी मारली आणि कट्ट्यावर बसून पाणी मागितलं. “खिडकी बरी झालीय,” ते म्हणाले. कोब्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मात्र मेच्या उन्हाळ्यात कराडला बाजाराला आले की ते न चुकता दुपारी इथं यायचे आणि जमिनीवर आडवे व्हायचे.

साळूबाईनं घमेलं सोडलं. गेल्या वर्षी राजवर्धनच्याच कामावर फलटणला तिनं दोन घरांचा कोबा केला, हाताखाली आणखी दोन बायका घेऊन. अडचण आली की ती नाथाजींना फोन लावते आणि ते शेळ्यांमागं फिरत फिरत तिला सांगतात, रागावतातही.

विजयमालाच्या घराचा वरचा मजला अजून तसाच आहे, विटांचा, गिलावा न केलेला. लोक विचारतात, कधी पुरा करणार? ती म्हणते, मुलगी आणि जावई वर राहायला येऊ देत, कुठं बसतात, कुठं उठतात ते वर्षभर बघू दे, मग ठरवीन. आणि कुणी फारच आग्रह केला तर स्वच्छ सांगते, घाई तुमाला हाय, मला न्हाई.