काकांनी उघडलेला ब्रेक

माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, उघडून पाहिली नाही अशी वस्तू अख्ख्या वाकोल्यात उरली नव्हती. बंद पडलेली वस्तू कोणीही उघडतं, काका चालू वस्तू उघडत. डॉक्टरांकडे तपासायला गेले आणि त्यांचं रक्तदाबाचं यंत्र खोलून बसले. कामाला हात घालण्याआधी मालवणी पद्धतीचं गाऱ्हाणं हवंच. "बा देवा म्हाराजा, ह्या इस्त्रीत जो काय दोष असात तो दूर कर म्हाराजा!" यावर आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आवाज बारीक आला तर पुन्हा पहिल्यापासून. मावशीही कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघरातून "व्हय म्हाराजा!" ओरडायची.

काका कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर त्यांनी जुनी व्हॅन घेतली ती लेकीसाठी. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला टॅक्सी शोधण्यात उशीर झाला आणि मूल गेलं. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत, गाडी मात्र रोज तपासत राहिले.

दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली. नववा महिना लागला आणि एका रविवारी सकाळी काकांना पुढच्या चाकात किरकिर ऐकू आली. दुसऱ्या कोणालाच ती ऐकू येत नव्हती. जॅक लावला, चाक निघालं, दोन बोल्ट सोडवून ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाक आवळून धरणारा चिमटा, निघाला. त्याच्या तेलाच्या नळीला ताण नको म्हणून काकांनी तो मावशीच्या परकराच्या नाडीनं वर टांगला. आणि तेवढ्यात लेकीला कळा सुरू झाल्या.

"अहो, तुम्हाला आजच मुहूर्त सापडला?" मावशी गॅलरीतून कडाडली. "रिक्षा आणा रे कोणीतरी!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. लेक कठडा धरत खाली आली, त्यांच्याकडे बघून म्हणाली, "रिक्षा नको. बाबा, लावा तुम्ही. मी बसते इथे." आणि ती पायरीवर बसली.

मी पाने हातात देत होतो. काकांनी गाऱ्हाणं न घालताच बोल्ट आवळले, चाक चढवलं, ब्रेक घट्ट लागेपर्यंत पायानं दाबून पाहिला आणि गाडी काढली.

मुलगी झाल्याचं सांगायला मी हॉस्पिटलच्या खाली आलो, तर काका अजून गाडीतच बसून ब्रेक दाबत होते.

"काका, पोचलो ना आपण! मुलगी झाली."

"दोघी बऱ्यो आसत मां?" एवढं विचारून ते लहान पोरासारखे रडले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. व्हॅन कोणी नेली तेही आठवत नाही. पायरीवर कळा सोसत बसलेली ती लेक मात्र आठवते. इतका भरवसा माझ्यावर अजून कोणी टाकलेला नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी टाकलाच, तर मला तो पेलवणार नाही.